गाडीला औषध पाजावे का?

मंडळी, आपले सावनेर हे रस्त्यांचे गाव. नागपूरहून बैतूलकडे जाणारा मोठा रस्ता इथूनच जातो. छिंदवाड्याचा रस्ताही इथूनच फुटतो. आजूबाजूला कोळशाच्या खाणी आहेत. संत्र्यांचे बगीचे आणि कापसाची शेते आहेत. माल आहे म्हणून गाड्या आहेत. दर आळीत एखादा तरी ट्रकवाला सापडतोच.

असाच एक ट्रकवाला माझा जुना विद्यार्थी आहे. शाळा सुटली आणि तो क्लीनर म्हणून गाडीवर चढला. क्लीनरचा ड्रायव्हर झाला. ड्रायव्हरचा मालक झाला. गाडी जुनीच घेतली, २०१८ सालची. तिच्यावर बँकेचे कर्ज आहे. गाडी चालली तर हप्ता निघतो. गाडी थांबली की घरात सगळ्यांची झोप उडते.

एका संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. सोबत त्याची बायको होती. त्याच्या हातात एक चकचकीत बाटली होती.

“गुरुजी, गाडी लय काळा धूर सोडून राहिली जी,” तो म्हणाला. “घाटात चढत नाही. ॲव्हरेजही पडला. पहिले चार देत होती, आता साडेतीनवर आली.”

चार म्हणजे एक लिटर डिझेलमध्ये चार किलोमीटर.

“मग ही बाटली कशाची?”

“हे इंजिन क्लीनर आहे. दुकानदार म्हणते, टाकीत ओता, आतला सगळा मळ धुऊन निघते. पेटीच घेऊन जा म्हणते, स्वस्त पडते. काय करू जी? टाकू का नोको टाकू?”

त्याची बायको हसून म्हणाली, “एक क्लीनर गाडीवर आहेच. त्याले पगार द्यावा लागते. आता हा दुसरा कायले?”

ही बाई मागच्या वर्षापासून साक्षरता वर्गात येते. तिने बाटली हातात घेतली. मागच्या बाजूला हिंदीत बारीक अक्षरे होती. त्यांवर बोट ठेवून ती वाचू लागली, “के-व-ल... पे-ट्रो-ल... इं-ज-न... के लिए.” मग ती थांबली. नवऱ्याकडे पाहून म्हणाली, “अवो, आपली गाडी तर डिझेलवर चालते ना?”

तो गप्प झाला. चार वर्ग शिकलेला माणूस. पण दुकानदार बोलला आणि याने ऐकले. बाटली फिरवून पाहिली नाही.

ती बाटली दुसऱ्या दिवशी परत गेली. पण प्रश्न उरलाच. डिझेलची बाटली आणली असती, तर ती ओतावी का? मी शाळामास्तर, इंजिनाचा मिस्त्री नव्हे. पण औषध घेण्याआधी रोग कोणता हे विचारावे, एवढे मला कळते. म्हणून आम्ही दोघांनी जाणत्या मिस्त्र्यांना विचारले. गाडीचे पुस्तक वाचले. जे कळले ते तुम्हाला सांगतो.

इंजिनात काय घडते?

सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप गरम लागतो. हवा दाबली की ती तापते. याच गोष्टीचा उपयोग करून जर्मनीच्या रुडॉल्फ डिझेल नावाच्या इंजिनिअराने एक इंजिन बनवले. १८९७ साली त्याचे इंजिन नीट चालले. त्याच्याच नावावरून आपण तेलालाही डिझेल म्हणतो.

या इंजिनात पिस्टन हवेला जोराने दाबतो. हवा फार तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा उडतो आणि आपोआप पेट घेतो. काडी लावावी लागत नाही. ठिणगीही लागत नाही.

हा फवारा उडवणारा भाग म्हणजे नोझल. संत्र्याच्या झाडांवर फवारणी करताना तुम्ही नोझल पाहिलेच आहे. चांगल्या नोझलमधून धुक्यासारखा फवारा निघतो. नोझलमध्ये कचरा अडकला की धार लागते, नाहीतर थेंब गळतात. इंजिनातही तसेच होते. फवारा बारीक असला तर डिझेल पूर्ण जळते. थेंब मोठे पडले तर ते अर्धवट जळते. उरलेला कोळसा काळा धूर होऊन बाहेर पडतो.

इंजिनाच्या नोझलची भोके फार बारीक असतात. एका मिलिमीटरचे दहा भाग करा. भोक त्यातल्या एक-दोन भागांएवढे. आणि त्यातून डिझेल जाते ते केवढ्या दाबाने! ट्रकच्या टायरातला दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे ८ पट असतो. नव्या पद्धतीच्या डिझेल इंजिनात हाच दाब १,६०० पट आणि त्याहूनही जास्त असतो. असल्या नाजूक जागी थोडा मळही पुरतो.

बाटली काय करते?

डिझेलच्या क्लीनरमध्ये साबणासारखे काम करणारे पदार्थ असतात. साबणाचे एक टोक तेलकट मळाला धरते आणि दुसरे पाण्याला धरते. म्हणून पाण्याबरोबर मळ निघून जातो. क्लीनरचे एक टोक नोझलवरच्या मळाला धरते आणि दुसरे डिझेलमध्ये विरघळते. मळ थोडा थोडा सुटतो आणि डिझेलबरोबर जळून जातो.

म्हणजे ही बाटली निव्वळ फसवणूक आहे असे नाही. नोझलवर मळ बसला असेल, तो फार जुना नसेल, आणि बाटली चांगल्या कंपनीची असेल, तर गुण येऊ शकतो. काही पंपांवर असे औषध आधीच घातलेले डिझेलही मिळते. साध्या डिझेलमध्येही कारखान्यातच काही पदार्थ घालतात. डिझेलमधले गंधक आता फार कमी केले आहे. २०१७ साली देशभर दहा लाख भागांत ५० भागांची मर्यादा आली. १ एप्रिल २०२० पासून ती १० भागांवर आली. गंधक काढताना डिझेलचा ओशटपणाही कमी होतो. तो राखण्यासाठी कारखान्यात वेगळे औषध घालावे लागते.

ओशटपणा कशाला हवा? डिझेल नुसते जळत नाही, ते पंपाला आणि नोझललाही वंगण देते. ज्या बाटलीत नुसते झणझणीत पातळ द्रव्य असते, ती मळ काढता काढता वंगणही कमी करते. रॉकेल, थिनर, ॲसिटोन असले घरगुती इलाज काही लोक सांगतात. त्यांच्या नादी लागू नका. चार रुपये वाचतील आणि पंप घासून जाईल.

बाटली काय करत नाही?

झिजलेली वस्तू बाटलीने भरून येत नाही. तुटलेली रिंग जुळत नाही. डिझेलमधले पाणी निघत नाही. चोंदलेला एअर फिल्टर तर या औषधाच्या वाटेवरच नसतो. औषध डिझेलच्या नळीतून जाते, हवा दुसऱ्या नळीतून येते.

मग रोग ओळखावा कसा? गाडी आपल्या धुराने बोलते.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. एअर फिल्टर चोंदला असेल, हवेची नळी फाटली असेल, नोझल बिघडली असेल किंवा माल मापाबाहेर भरला असेल.

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. बहुधा रिंगा झिजल्या. इथे बाटलीचा उपयोग नाही.

पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा वेळ निघाला तर घाबरू नये. पण इंजिन तापल्यावरही तो निघत राहिला, तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे, किंवा रेडिएटरचे पाणी आत शिरते आहे. गाडी लगेच मिस्त्र्याला दाखवावी.

आमच्या गाडीला काय झाले होते?

आमच्या ट्रकवाल्याने गाडी मिस्त्र्याकडे नेली. म्हाताऱ्या मिस्त्र्याने आधी बॉनेट उघडले नाही. त्याने विचारले, “गाडी कुठे चालते?”

“खाणीवर जी. कोळसा भरतो.”

“एअर फिल्टर कधी बदलला?”

याला आठवेना. बायको म्हणाली, “दिवाळीले तर नाही बदलला. तेव्हा आपण टायरं घेतले होते.”

फिल्टर काढला. आत कोळशाची काळी भुकटी गच्च बसलेली. मिस्त्र्याने तो जमिनीवर हलकेच आपटला, तर ओंजळभर धूळ पडली. माणसाच्या नाकातोंडावर उशी दाबावी आणि वर त्याला घाट चढायला सांगावे, तसे त्या इंजिनाचे झाले होते.

मग मिस्त्र्याने डिझेल फिल्टरच्या खालचा पाणी काढायचा स्क्रू सैल केला. आधी पाणी आले, नंतर डिझेल. वाटीभर पाणी निघाले. “डिझेल कुठले?” त्याने विचारले.

ट्रकवाला खाली पाहू लागला. रस्त्याच्या कडेला डबकीतून स्वस्त डिझेल मिळते. दोन-तीनदा त्याने ते भरले होते.

मंडळी, स्वस्त डिझेल कुठून येते याचा विचार करा. ते चोरीचे असते, नाहीतर भेसळीचे. हा धंदा किती क्रूर आहे याची एक खरी गोष्ट आपल्याच राज्यात घडली. नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळ पानेवाडीला तेलाचे मोठे डेपो आहेत. तेथे २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी तेलाची चोरी-भेसळ रोखायचा प्रयत्न केला. त्या लोकांनी त्यांना जिवंत जाळले. डबकीतले डिझेल घेताना आपला पैसा कोणाच्या हाती जातो, हे लक्षात असू द्या.

नवा एअर फिल्टर बसवला. पाणी काढले. डिझेल फिल्टर बदलला. धूर बराच कमी झाला. ॲव्हरेज पावणेचारवर आला. पण पूर्ण चार काही होईना. तेव्हा मिस्त्र्याने नोझल काढून यंत्रावर तपासायला पाठवल्या. दोन नोझल थेंब गाळत होत्या. मळाने नव्हे, झिजेने. पाण्याच्या डिझेलने त्यांची आतली बैठक खराब झाली होती. त्या दुरुस्त केल्या तेव्हा गाडी पुन्हा चारवर आली.

खर्च बाटलीपेक्षा पुष्कळ झाला. त्या महिन्याचा हप्ता उशिरा गेला. बायकोने बचत गटातून पैसे उचलले तेव्हा तो भरला. हे मी लपवत नाही. पण तो पेटीभर बाटल्या ओतत बसला असता, तर बाटल्यांचे पैसे गेले असते आणि नोझलचा खर्च पुढे आलाच असता. कदाचित पंपही गेला असता.

कागदावर हिशेब करून पाहा

दुकानदार म्हणतो, “ॲव्हरेज वाढेल.” किती वाढला तर परवडेल, ते आपण काढू. आकडे समजून चालायचे आहेत. आपल्या गाडीचे आकडे तुम्ही घाला.

समजा, गाडी महिन्याला ४,००० किलोमीटर चालते आणि ४ चा ॲव्हरेज देते. म्हणजे डिझेल लागले १,००० लिटर.

समजा, एक बाटली ५० लिटरला पुरते. म्हणजे बाटल्या लागल्या २०.

समजा, एका बाटलीची किंमत ४०० रुपये. म्हणजे खर्च झाला ८,००० रुपये.

समजा, डिझेल ९० रुपये लिटर आहे. ८,००० रुपयांत सुमारे ८९ लिटर डिझेल येते.

म्हणजे १,००० लिटरमागे ८९ लिटर वाचले, तर कुठे बरोबरी होईल. फायदा त्याच्याही पुढे. दर वेळी टाकीत बाटली ओतून एवढी बचत होईल, अशी आशा धरू नका. अमेरिकेच्या सरकारने इंधन वाचवण्याच्या शंभराहून जास्त साधनांची तपासणी केली. त्यांत पेट्रोलमध्ये घालायची औषधेही होती. ॲव्हरेज ठळकपणे वाढवणारे एकही सापडले नाही.

उलट काही उपाय फुकटचे आहेत. टायरात योग्य हवा ठेवा. गाडी उभी असेल तर इंजिन बंद करा. मापातच माल भरा. दामटून चालवू नका. आपल्या देशात १९७८ साली पेट्रोलियम बचतीसाठी एक सरकारी संस्था निघाली. तीही लोकांना हेच सांगत आली आहे. ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने गाडी कमी तेल खाते.

नव्या गाड्यांचे निराळे आहे

१ एप्रिल २०२० पासून विकलेल्या नव्या ट्रकांना भारत स्टेज ६ चे नियम लागू आहेत. आपण त्यांना बीएस सहा म्हणतो. या गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर धूर गाळणारी जाळी असते. काही औषधे जळल्यावर राख उरते. ती राख जाळीत साचते. जाळी फार महाग असते. म्हणून गाडीच्या पुस्तकात परवानगी नसेल तर अशा गाडीत कुठलीही बाटली ओतू नये. गॅरंटीही जाऊ शकते.

या गाड्यांना आणखी एक टाकी असते. तिचे झाकण बहुधा निळे असते. तिच्यात युरियाचे पाणी भरतात. शंभर भागांत साडेबत्तीस भाग शुद्ध युरिया आणि बाकीचे शुद्ध पाणी. हे पाणी धुरातले विषारी वायू मारते. हे इंजिन क्लीनर नव्हे. ते डिझेलच्या टाकीत कधीही ओतू नका. चुकून ओतले गेले, तर चावी फिरवू नका. गाडी जागच्या जागी ठेवून मिस्त्र्याला बोलवा. आणि शेतातला युरिया बादलीत कालवून त्या निळ्या झाकणाच्या टाकीत घालू नका. खताच्या युरियात दुसरे पदार्थ असतात. त्यांनी सगळी यंत्रणा बिघडते.

मग बाटली केव्हा वापरावी?

आधी एअर फिल्टर पाहिला. पाणी काढले. डिझेल फिल्टर बदलला. चांगल्या पंपावरचे डिझेल भरले. तरीही मिस्त्री म्हणाला, “नोझलवर थोडा मळ दिसतो.” तेव्हा डिझेलसाठीच बनवलेली, गाडीच्या कंपनीला चालणारी बाटली एकदा वापरून पाहायला हरकत नाही. जितके लिहिले असेल तितकेच घाला. जास्त औषधाने जास्त गुण येत नाही. जुन्या टाकीतला सुटलेला मळ फिल्टरमध्ये येऊन अडकतो. म्हणून त्यानंतर डिझेल फिल्टर बदला.

गुण आला की नाही, हे मनाने ठरवू नका, वहीने ठरवा. टाकी काठोकाठ भरा आणि किलोमीटर लिहून ठेवा. पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर लागले ते लिहा. किलोमीटरला लिटरने भागा. बाटलीआधी तीन वेळा आणि बाटलीनंतर तीन वेळा असे करा. रस्ता तोच असावा, माल तेवढाच असावा. आकडे खोटे बोलणार नाहीत.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट करा. रात्री टाकी रिकामी ठेवू नका. रिकाम्या जागेतली ओली हवा थंड झाली की तिचे पाणी होते आणि डिझेलमध्ये उतरते. आणि पंपावर मापाबद्दल शंका आली, तर ५ लिटरचे सरकारी शिक्क्याचे माप मागा. ते पंपावर ठेवावेच लागते. मागायला लाजू नका.

आमच्या ट्रकवाल्याच्या घरी आता एक वही आहे. तिच्यात तारीख, किलोमीटर, लिटर आणि फिल्टर कधी बदलला ते लिहिलेले असते. अक्षर त्याच्या बायकोचे आहे. अजून थोडे वाकडे येते. परवा मी ती वही पाहायला मागितली, तर ती म्हणाली, “गुरुजी, अक्षर नोका पाहू, हिशेब पाहा.”

मी हिशेब पाहिला. एकही चूक नव्हती.

वाचा आणि सांगा

१. बाईने बाटलीवर काय वाचले? ते वाचले नसते तर काय झाले असते?
२. काळा धूर कोणकोणत्या कारणांनी येतो?
३. गाडीतल्या कोणत्या बिघाडांवर बाटलीचा उपयोग होत नाही?
४. तुमच्या घरी किंवा शेजारी ट्रक, ट्रॅक्टर किंवा डिझेलचा पंप आहे काय? त्याचा एअर फिल्टर कधी बदलला, ते विचारून वहीत लिहा.